अर्ध्या गाण्याचे दत्तूसर

गिटार शिकायला गेलेल्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी निदान गिटार तरी पडावी, एवढीच माझी अपेक्षा होती. माझ्या हातात फावडं पडलं.

साल अठ्ठ्याण्णव असेल. मी नुकतीच कॉलेजात गेले होते आणि हेवी मेटल ऐकून ऐकून आईला डोकेदुखी दिल्याला दोन वर्षं झाली होती. नाशिकमध्ये तेव्हा गिटारचे क्लास नव्हते असं नाही. कॉलेज रोडला एक चांगला होता, पण तिथले सर पहिले सहा महिने वाढदिवसाचं गाणं वाजवून घेत आणि मेटलचं नाव काढलं की कानांवर हात ठेवत. "तसलं वाजवणारा एकच माणूस आहे, मखमलाबादला. थोरातांचा मळा विचार," असं कुणीतरी सांगितलं. मी वडिलांची लूना काढली आणि गेले. मळ्यात एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. गिटारचा क्लास कुठे असतो, असं विचारल्यावर मान वर न करता ती म्हणाली, "कोबीत हे."

क्लास खरोखरच कोबीत होता. तिशीचा, काटकुळा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अनवाणी, पायाला पोटरीपर्यंत चिखल. हे दत्तात्रय थोरात. घरात दत्त्या, आमच्यासाठी दत्तूसर.

"गिटार शिकायची?"

"हो."

"लय चांगलं हे. ताई, तेवढं तिकडचं दारं मोडता का? फावडं तिथंच हे."

दारं मोडायचं म्हणजे मातीचा छोटा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, हे मला कुठून माहीत असणार? मी तीन वाफ्यांत एकदमच पाणी सोडलं. सर धावत आले, पण रागावले नाहीत. शांतपणे दोन दारं बांधून घेतली आणि म्हणाले, "आधी एक वाफा भरू द्यायचा. मंग दुसरा." हे त्यांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य. पुढची तीन वर्षं ते मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हटलं असेल.

पाण्याची भानगड अशी होती की क्लास भरायचा विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत आणि तिथे लाईट शेतीची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात क्लासला सुट्टी. दिवसाच्या आठवड्यातही लाईट कधी येईल ते वीज मंडळाला आणि देवाला ठाऊक. ती आली की मोटर सुरू करावी लागे, आणि मोटर सुरू असली की व्होल्टेज इतकं पडायचं की अ‍ॅम्प्लिफायरमधून हेवी मेटलऐवजी आजारी शेळीचा आवाज यायचा. तेव्हा आधी भाजीला पाणी, मग मोटर बंद, मग गिटार. पाणी लवकर आटोपावं म्हणून विद्यार्थ्यांनी दारं धरायची. मी कॉलेजच्या मैत्रिणींना गिटार शिकते म्हणून सांगायचे आणि घरी चपलांना चिखल घेऊन जायचे. आईला वाटायचं मी भलतीकडेच जाते. एकदा तिनं वडिलांना मागावर पाठवलं. ते येऊन बांधावर अर्धा तास उभे राहिले, मुलगी कोथिंबिरीला पाणी देताना पाहिली आणि परत गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "हे तर आपल्या गावाकडेही फुकट शिकता आलं असतं."

आता त्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी. गणेश मंडळानं टाकून दिलेला एक जुना लाकडी खोका होता तो. त्यातल्या स्पीकरचा कागद उंदरानं कुरतडलेला. त्या फाटक्या कागदामुळे त्यातून असा काही खरखरीत, घोगरा, छातीत घुसणारा आवाज निघायचा की ज्यासाठी मोठ्या शहरातली मुलं वेगळं यंत्र विकत घेत. आमचं काम उंदरानं केलं होतं. सर त्या उंदराबद्दल कृतज्ञ होते. खोलीत उंदराचं औषध ठेवायला त्यांनी त्या मेथीवाल्या म्हातारीला, म्हणजे आपल्या आईला, बंदी केली होती, "अजून एखादा सुधारला तर सुधारला" म्हणून.

सरांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची त्यांना जराही खंत नव्हती. गाण्यांची मूळ नावं ते वापरत नसत. एका गाण्याला ते "दळण" म्हणत, कारण ते पिठाच्या गिरणीसारखं एकसुरी घरघरतं. दुसऱ्याला "ट्रॅक्टर". तिसरं, ज्याच्या सुरुवातीला लांबून घुमल्यासारखा आवाज येतो, ते "विहिरीतलं". मी एकदा चिडून "विहिरीतलं"चा खरा अर्थ सांगायला गेले. गाणं युद्धात मेलेल्या सैनिकांवर होतं. सरांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मंग त्यांना विहिरीत टाकलं का?" मी हात टेकले.

हे सगळं ते शिकले कुठे, तर स्वतःच. रविवार कारंजाजवळ कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. कोरी कॅसेट द्यायची, यादी द्यायची, आठवड्यानं भरलेली घेऊन जायची. सरांना यादी देता येत नसे, म्हणून ते दुकानदाराला सांगत, "सगळ्यात जास्त आदळआपट असल ते भर." अशा चार कॅसेटी त्यांच्याकडे होत्या. भाजी उतरवून आल्यावर ते टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसत, चार सुरांचा तुकडा ऐकत, थांबवत, मागे फिरवत, गिटारवर शोधत, पुन्हा ऐकत. एकेक गाणं उतरवायला त्यांना तीन-चार महिने लागत. मग बियाणांच्या कंपनीनं वाटलेल्या डायरीत ते लिहून ठेवत: सहावी तार, तिसरा पडदा, दोनदा. पाचवी तार, मोकळी. सुवाच्य अक्षरात, मराठी आकड्यांत. त्या डायरीच्या पानांच्या माथ्यावर टोमॅटोवरच्या करप्याचे उपाय छापलेले होते. एकदा मी वाजवता वाजवता चुकून फवारणीचं प्रमाण वाचायला लागले होते.

शिकवायची पद्धत तीच, वाफा भरायची. एक तुकडा पूर्ण बसल्याशिवाय पुढचा नाही. "दळण"चा पहिला तुकडा, त्यात मोजून पाच सूर, मी सात आठवडे वाजवला. सातव्या आठवड्यात मला रडू फुटलं.

"सर, झालं ना आता!"

"तुमच्या बोटाला झालं. कानाला नाय झालं."

"म्हणजे काय?"

"म्हंजे अजून एक आठवडा."

या छळाला कंटाळून मुलं जायची, यात नवल काय? कॉलेज रोडच्या क्लासला कागदावरचं संगीत शिकवत, परीक्षा होत, सर्टिफिकेट मिळे. आमच्यातलं कुणी तिकडे गेलं की सरांचं तोंड बघवत नसे. ते त्या मुलाचं स्टूल आठवडाभर तसंच मांडून ठेवत. मग सहज विचारल्यासारखं विचारत, "तिकडं काय काय शिकवू राहिले?" उत्तर ऐकायला मात्र थांबत नसत; काहीतरी निमित्त काढून बाहेर जात.

का, ते कळायला मला फार दिवस लागले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ आण्णा मळा बघत. आण्णांच्या लेखी धाकटा भाऊ म्हणजे एक फुकट खाणारं तोंड. "सर कसला? धड कोबी लावता येत नाय त्याला," असं ते आमच्यासमोर म्हणत. बारा गुंठ्यांवर द्राक्षं होती. मणी भरायला लागले की पाखरांचा थवा उतरायचा. तेव्हा आण्णा बांधावरून ओरडत, "दत्त्या, पाखरं बसली रे! जरा वाजव!" मग सर तो खोका दारात तोंड बाहेर करून ठेवत आणि "ट्रॅक्टर" वाजवत. पाखरं उडून जात. आण्णा समाधानानं परत फिरत. घरादारानं त्या गिटारचा मान्य केलेला उपयोग तो एवढाच. मला संताप यायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, तुम्ही कलावंत आहात की बुजगावणं?" तर म्हणाले, "ताई, ऐकून उठून जाणारं बी गिऱ्हाईकच असतंय." पण हसले नाहीत. त्या मोटरच्या खोलीबाहेर त्यांना सर म्हणणारं जगात कुणी नव्हतं आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं होतं "दादांचं". हे आमच्या क्लासचं शेवटचं गाणं. ते ज्याला शिकवलं तो पास. मोठं भारी गाणं होतं. संथ सुरुवात, मग हळूहळू चढत जाणारा जोर, मग एकच सूर ताणून वर नेलेला, नेलेला, आता काहीतरी फुटणार असं वाटतंय आणि खट्. बंद. संपलं. सगळ्यांनी एकाच क्षणी तारांवर तळवा दाबायचा. "श्वास सुद्धा नाय घ्यायचा," सर म्हणत. तो थांबा आम्ही अक्षरशः महिनोन् महिने घोटला. पाच माणसं मध्येच अशी थांबायची की कान वाजायला लागत.

"असं एकदम का थांबतं हे?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

सर बराच वेळ गिटारची तार पुसत राहिले. मग म्हणाले, "आमचे दादा असेच गेले. इथंच, वांग्यात उभे होते. मला म्हणाले, 'दत्तू, यंदा वांगं' आन बसले खाली. यंदा वांगं काय, ते कळालंच नाय. माणूस असाच जातो, ताई. बोलता बोलता. हे गाणं ज्यानं केलं त्याला म्हाईत हे."

मी वाजवायला लागले आणि पुढं वर्षभर ते गाणं वाजवताना मला त्यांचे वडील दिसत.

पुढच्या दिवाळीत मी पुण्याला मामाकडे गेले. मामेभावाकडे सीडी होत्या. त्यात "दादांचं" सापडलं. मोठ्या प्रेमानं लावलं. तो सूर वर गेला, गेला, मी सवयीनं श्वास रोखला आणि गाणं थांबलंच नाही! उलट तिथून ते खऱ्या अर्थानं सुरू झालं. गिटार अशी काही सुटली की बास. साडेतीन मिनिटं नुसता धबधबा. मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग डोक्यात प्रकाश पडला. साठ मिनिटांची कॅसेट. तिची एक बाजू संपली तिथे दुकानदाराचं गाणं संपलं. तो खट् मरणाचा नव्हता, टेपरेकॉर्डरच्या बटणाचा होता. आणि आम्ही, नाशिकची शहाणी पोरं, ते बटण वर्षभर रियाज करून घोटत होतो!

मी कपाळावर हात मारून घेतला. मग सीडीवरून कॅसेट भरून घेतली, नव्वद मिनिटांची, आणि नाशिकला पोचल्या पोचल्या मखमलाबाद गाठलं.

"सर, हे ऐका." मी वॉकमन पुढे केला.

सरांनी हेडफोन कानाला लावले. डोळे मिटून ऐकत राहिले, पायानं ताल धरून. आणि तो सूर ताणला जायला लागला तसे त्यांनी ते कानावरून काढले. बरोब्बर तिथेच. माझ्या हातात वॉकमन देऊन म्हणाले, "छान हे. आवाज साफ हे."

"सर, पुढे आहे! गाणं पुढे आहे, अर्धं राहिलंय!"

"आपल्या कॅशेटीत नाय."

"अहो, पण मूळ गाण्यात आहे ना!"

"मंग असल. आपल्याला काय करायचं?" आणि ते फावडं घेऊन बाहेर गेले. लाईट नव्हती, मोटर बंद होती, वाफ्यात पाणी नव्हतं. तरी फावडं घेऊन गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी त्यांच्यामागून मोठ्यानं म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. मला वाटलं, वडिलांच्या मरणाला यांनी या गाण्याची गाठ मारून ठेवली आहे आणि ती सोडायची यांची तयारी नाही. मग मीही विषय सोडला. कॅसेट मात्र नितीनला दिली.

नितीन आमच्यातला सगळ्यात हुशार. पंचवटीतला, पॉलिटेक्निकला होता. ज्या तुकड्याला मला सात आठवडे लागले तो त्यानं दहा दिवसांत बसवला होता. सरांचा त्याच्यावर जीव होता. त्याच्या स्टुलावर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नसत, आणि त्याला निघायला उशीर झाला तर घरची भाजी-भाकरी आणून खायला लावत. नितीननं ती कॅसेट नेली आणि तिच्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात शहरात कॉलेजांच्या बँडची स्पर्धा झाली. आम्ही पाच जण, चार गिटारी आणि एक ड्रम, "दादांचं" घेऊन उतरलो. सर पांढरा शर्ट, पायात बूट अशा अवतारात आले होते. बुटांची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे विंगेत या पायावरून त्या पायावर होत होते. त्यांची आईही आली होती, मांडीवर मेथीची पिशवी घेऊन, पहिल्या रांगेत. आण्णा आले नव्हते.

आम्ही छान वाजवलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढं छान मी पुन्हा कधी वाजवलं नाही. नितीनचा सूर वर गेला, गेला, आणि खट्. आम्ही पाचही जण थांबलो. श्वाससुद्धा नाही. सभागृहात एवढी शांतता की पंख्यांचा आवाज येत होता. लोकांना वाटलं स्पीकरची लाईट गेली. दारातला इलेक्ट्रिशियन खरोखर मेन स्विचकडे पळाला. कुणीतरी मागून ओरडलं, "जनरेटर लावा!" मला हसावं की मरावं कळेना. विंगेत सर डोळे मिटून उभे होते.

आणि तेवढ्यात नितीननं पुढचं सुरू केलं.

एकट्यानं. पूर्ण. तो साडेतीन मिनिटांचा धबधबा त्यानं सूर न सूर बसवला होता, कधी आणि कुठे ते देव जाणे. आमचा ड्रमवाला अर्ध्यात कसाबसा सामील झाला. मी आणि बाकीचे दोघं गळ्यात गिटारी अडकवून खांबासारखे उभे. सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. संपल्यावर नितीन सगळ्यात आधी विंगेकडे वळला. तिथे कुणीच नव्हतं. पहिल्या रांगेतली म्हातारी तेवढी हातवारे करून विचारत होती, आमचा दत्तू कुठे गेला म्हणून.

नितीनला उत्कृष्ट गिटारवादकाचं बक्षीस मिळालं. दिवसाची लाईट असलेल्या पुढच्या आठवड्यात तो ते घेऊन मळ्यावर आला, पेढे घेऊन. आल्या आल्या सरांच्या पाया पडला.

"सर, माझं चुकलं."

"चुकलं कुठं? एक बी सूर चुकला नाय," सर म्हणाले. "तुमचा वाफा भरला, नितीन. आता तुम्ही इथं नका येऊ."

"सर, असं काय करता? मला अजून शिकायचंय तुमच्याकडून."

"काय शिकायचंय?"

नितीननं पेढ्यांचा पुडा पुढे केला. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, बाकीचे आईकडे दिले आणि मोटर बंद करायला गेले. त्या दिवशी क्लास झालाच नाही. नितीन बांधावर तासभर बसून राहिला आणि गेला. मी सरांवर इतकी चिडले होते की जाताना निरोपसुद्धा घेतला नाही. ज्या पोरानं तुमचं नाव काढलं त्याला हाकलून देता? एवढा कसला तो ताठा?

पुढे व्हायचं तेच झालं. नितीन नाही म्हटल्यावर मुलं गळाली. कुणी नोकरीला लागलं, कुणी कॉलेज रोडला. मी आणखी काही महिने रेटलं. मग मलाही पुण्यात नोकरी मिळाली आणि गिटार माहेरी कपाटावर गेली. आईनं तिला जुन्या साडीची गवसणी शिवली, ती कधी उसवायची वेळ आली नाही.

आठ वर्षांनी, माहेरपणाला आले असताना, मी पुन्हा मखमलाबादला गेले. रस्त्याकडेच्या अर्ध्या मळ्यात रो हाऊस उभी राहिली होती. म्हातारी राहिली नव्हती. आण्णा ओट्यावर बसून होते, त्यांनी मला ओळखलं नाही. "दत्तू? असल खोलीत," म्हणाले, "कोण येतंय आता त्याच्याकडं."

खोलीतून आवाज येत होता. "दादांचं". मी दाराशीच थांबले. तो सूर ताणला गेला, वर गेला. मी वाट पाहिली, आता थांबेल. थांबला नाही. पुढचं सुरू झालं. अडखळत, ठेचकाळत, चालायला शिकणाऱ्या पोरासारखं. सात-आठ सूर झाले आणि गाडं अडलं. पुन्हा मागून. पुन्हा तिथेच अडलं.

"सर!"

सर दचकले. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, चष्मा आला होता. "अरे, ताई! या, या. बसा." आणि मग, कशा आहात, कुठे असता, काही न विचारता, गिटार माझ्या पुढे धरून म्हणाले, "बरं झालं आल्या. इथून पुढं बोट कसं न्यायचं, दाखवता का जरा?"

मी गिटार घेतली. बोटं तारांवर ठेवली. एक सूरही आठवेना. हा पुढचा भाग मी कधी शिकलेच नव्हते, आणि जे शिकले होते तेही गेलं होतं. तारा बोटांत रुतायला लागल्या.

"नाही येत, सर."

"नाय येत?" ते खरोखर वैतागले. "मंग काय करू राहिले तुम्ही पुण्यात?"

तो वैताग बघून माझाही बांध फुटला. आठ वर्षांचं साठलेलं होतं. "तुम्ही तरी काय केलंत? मी कॅसेट आणून दिली तेव्हा ऐकून घेतली असतीत तर? तेव्हा कानावरून काढून टाकलीत!"

सरांनी गिटार परत घेतली. मांडीवर आडवी ठेवली.

"मला म्हाईत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"पुढचं. तुम्ही यायच्या आधीपासून. त्या दुकानदारानंच मागून पुरं गाणं भरून दिलं होतं, ती कॅशेट पोरांना दावली नाय. लय भारी हे. चार वर्षं लावली मी त्याच्यामागं. हात तेवढा पळतच नाय." ते स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. "दादांचं खरं हे. ते तसेच गेले. पण गाण्याचं मी खोटं बोललो. वाटायचं, मला येत नाय हे पोरांना कळालं तर पोरं जातील. जिथवर मला येत होतं तिथं गाणं संपवलं."



"पोरं तशी बी गेली," ते म्हणाले. "आता काय भीती?"

मला त्यांचा रागही आला आणि मायाही आली. या एका गोष्टीपायी या माणसानं स्वतःचा सगळ्यात चांगला विद्यार्थी घालवला होता. म्हणजे त्या दिवशी नितीनला "काय शिकायचंय?" म्हणाले तो ताठा नव्हता, खरा प्रश्न होता. आणि मी त्याला माज समजून आठ वर्षं फुगून बसले होते.

"नितीनला विचारू?" मी म्हटलं. "बंगळूरला असतो. नंबर आहे माझ्याकडे."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी मनात म्हटलं, आता फावडं घेऊन बाहेर जाणार हा माणूस.

"कामात असल तो."

"रविवार आहे, सर."

"मोठा माणूस झाला असल."

"लावू की नको?"

"लावा," सर म्हणाले.

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि स्टुलावर ठेवला. "कोण आहे इथे बघ," म्हटलं. सरांनी फोनकडे वाकून, विहिरीत हाक मारावी तसं ओरडून सांगितलं, "नितीन, मी दत्तू थोरात!" मग नितीनचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, पाया पडतानाचा.

"सर?"

"ते दादांचं. सूर ताणल्यानंतर सात-आठ सूर येत्यात मला. मंग अडतंय."

"सर, तुम्ही ते वाजवताय?"

"नाय रे, वाजवतोय कुठं," सर म्हणाले. "शिकू राहिलोय."

नितीननं नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, सरांना आला की नाही, माहीत नाही. मग तो म्हणाला, "थांबा सर, गिटार घेतो."

त्यानंतर माझं तिथे काही काम उरलं नाही. चहा विचारणारं कुणी नव्हतं. "येते मी," असं मी दोनदा म्हटलं, दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सरांनी, माझाच फोन असूनही, मला हातानं गप्प राहायची खूण केली. मी वैतागून उंबऱ्यावर बसले.

नितीन तिकडून चार सूर वाजवून दाखवत होता. सर गिटारवर ओणवे होऊन, ओठ मुडपून, तेच चार सूर वाजवत होते आणि चुकत होते.

"नाही सर. परत."

सर पुन्हा चुकले.

"परत."

"हां," सर म्हणाले आणि मुकाट्यानं पहिल्या सुरावर बोट ठेवलं.